उलट्या आट्यांचा लेथ

आमच्या ताईशी कुणाचं वाजलं, तर मी त्या माणसाला बाजूला घेऊन सांगतो की काय ते आजच मिटवून टाका. ती ओरडत असेल तोवर काळजी नाही. ओरडून झालं की ती चहा टाकते आणि तुम्हालाही देते. पण ती गप्प झाली, तर तुमचं काही खरं नाही. ताई डूख धरते. शाळेत एका मुलीने तिची कंपासपेटी खिडकीतून फेकली होती. ती मुलगी आता चांगली संसारी बाई झाली आहे, पण तिच्या घरचा पंखा बंद पडला तर ताई तो उघडूनही बघत नाही. जळालाय, नवा घ्या, एवढं बोलून परत पाठवते.

ताईचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एका बोळातली चिंचोळी खोली. भिंतीला तांब्याच्या तारेची रिळं, टेबलावर पोटं फाडलेल्या मोटरी, आणि वॉर्निशचा असा वास की गिऱ्हाईक उंबऱ्यावरूनच बोलतं. बोळात सगळे तिला 'करंट' म्हणतात, तिच्या माघारी अर्थातच. मी तिचा धाकटा भाऊ. औषधांच्या दुकानात काउंटरवर असतो. हातांच्या बाबतीत देवाने माझ्या तोंडाला पानं पुसली. घरात मी हातोडी उचलली की आई आधी मलमाची डबी शोधून ठेवते.

हात सगळे आईकडे होते. आई लाकूड कातायची. खुर्चीचे पाय, पलंगाचे खूर, जिन्याच्या कठड्याचे खांब, दाराच्या मुठी, जे जे म्हणून गोल असतं ते सगळं. बाबा आम्ही लहान असतानाच गेले, तेव्हा ती आम्हा दोघांना घेऊन आजोबांच्या कारखान्यात परत आली आणि तिथेच उभी राहिली. आई डावखुरी. साध्या लेथवर लाकूड फिरवणारा गाळा डाव्या बाजूला असतो, आणि डावखुऱ्या माणसाची कोपरं त्यावर आपटून आपटून सोलून निघतात. म्हणून आजोबांनी मुलीसाठी वेगळा लेथ बांधला होता, गाळा उजवीकडे असलेला, सगळाच्या सगळा उलटा. त्यावर दुसऱ्या कुणाला काम जमत नसे. आई सोडून कुणी हात लावला की लाकूड उडायचं.

त्या लेथवर आई एक अशी वस्तू करायची की बघणाऱ्याने ती उलटीपालटी करून बघतच राहावी. कडीचा खांब. खांबाच्या गळ्यात लाकडाची एक सैल कडी, फिरणारी, खुळखुळणारी. पण ती वरूनही निघत नाही आणि खालूनही निघत नाही, कारण ती बाहेरून घातलेलीच नसते. खांबाच्याच लाकडातून आकड्यासारख्या पटाशीने दोन्ही बाजूंनी कोरत जायचं, आणि एका क्षणी ती आपली आपण सुटते. गावातल्या वाचनालयाच्या जिन्याला असे खांब आहेत. लहान मुलं वर जाताना एकेक कडी फिरवत जातात.

आता मामा. मामा आईचा धाकटा भाऊ. आजोबा गेल्यावर कारखाना मामाकडे गेला. त्याबद्दल आईने कधी चकार शब्द काढला नाही. आजोबांनी वर्षानुवर्षं सुकवत ठेवलेलं लाकूडही मामाकडेच गेलं. आईने त्यातला खुर्चीच्या पायाएवढा तुकडा मागितला, तर मामा म्हणाला, संपलं. लोक जिन्याचं कौतुक करायला लागले की मामा 'आमच्या हातचं काम' म्हणायचा. आई बाजूला उभी राहून ऐकायची. आम्ही काही बोललो की तिचं उत्तर ठरलेलं, लहान आहे तो. लहान म्हणजे चांगला टकला, पोट सुटलेला, वरच्या दातांची कवळी लावणारा. मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये म्हणतात. मामाने कोपर तर लावलंच, वर फावडंही आणलं.

झालं असं, की आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि ती काही दिवस घरी राहिली. डोळे बरे करून कामावर गेली, तर तिचा लेथ जागेवर नव्हता. तिथे एक नवंकोरं यंत्र उभं होतं. एक नमुना लावायचा, बटण दाबायचं, आणि त्या नमुन्यासारखे हवे तेवढे पाय पाडून घ्यायचे. मामा चहा पीत होता. सगळ्या कामगारांसमोर म्हणाला, "अक्का, तुझा तो उलटा लेथ भंगारात दिला. दुसऱ्या कुणाच्या कामाचा नव्हता. तू आता आराम कर. नाहीतर पॅकिंगला बस."

आणि आई बसली. ज्या बाईने त्या कारखान्याचं नाव केलं, ती यंत्रातून पडलेले खुर्चीचे पाय कागदात गुंडाळत बसली. ताईला कुणीतरी हे सांगितलं. ती दुकान तसंच उघडं टाकून गेली, आईच्या हातातला कागद काढून घेतला आणि तिला दंडाला धरून घरी घेऊन आली. मामाला ती एक शब्दही बोलली नाही. मी तेव्हाच ओळखलं, की मामाचं काही खरं नाही.

घरी आल्यावर आईचे हात मोकळे झाले, आणि ते बघवत नव्हतं. टीव्ही बघताना ती पेन्सिल बोटांत धरून फिरवायची आणि अंगठ्याच्या नखाने तिच्यावर खाचा पाडायची. ताई ते बघायची आणि दातओठ खायची. एक दिवस जेवताना तिने जाहीर केलं, की आईला लेथ करून देणार. विकतचा नाही, तसला उलटा विकत मिळतच नाही. बांधणार. आणि बांधून तो पुढच्या खोलीत ठेवणार, दार सताड उघडं टाकून, कारण मामाची गाडी रोज आमच्या दारावरून जाते. भेट आईला, पण पत्ता मामाचा, असा एकंदर हिशेब होता. मी म्हणालो, पुढच्या खोलीत मी झोपतो. ताई म्हणाली, आता नाही झोपणार.

सामान गोळा करायला तिला फार दिवस लागले, पण तिची चाल संथ आणि पक्की होती, सूड घेणाऱ्या माणसाची असते तशी. धुण्याच्या यंत्राची मोटर दुकानातच पडून होती, तिला नवं वाइंडिंग केलं. पाय म्हणून शिलाई मशीनचा बिडाचा सांगाडा. वरचे दोन लांब रूळ मोडलेल्या ट्रकच्या चौकटीतले, ते उचलून आणताना माझी कंबर धरली ती अजून सुटलेली नाही. बेअरिंगं मोटरसायकलच्या चाकाची. मागचा सरकता आधार सुताराच्या जुन्या शिकंज्याचा स्क्रू कापून केला. वेल्डिंग तिने स्वतः केलं. ठिणग्यांनी माझ्या पांघरुणाला भोकं पडली, तर म्हणाली, हवा खेळती राहील.

मापं घ्यायची तिची रीत मात्र मी आयुष्यात दुसऱ्या कुणाची बघितली नाही. आईचा मूळ लेथ तर गेलेला, त्याचा फोटोही नव्हता. मग तिने एका सुताराकडचा साधा लेथ बारकाईने मापला, घरी येऊन खडूने जमिनीवर तो जसाच्या तसा काढला, आणि माझ्या कपाटाच्या दाराचा आरसा उचकटून त्या चित्राशेजारी उभा केला. मग ती चित्राकडे न बघता आरशात बघून कामाला लागली. आरशात डावं उजवं होतं, म्हणजे झाला आईचा लेथ. मी केस कुठे विंचरू विचारलं तर म्हणाली, औषधं घ्यायला येणारा माणूस तुझा भांग बघत नाही.

आरशाने सगळं दाखवलं, एक गोष्ट सोडून. लाकडाला धरणारी लोखंडी चकती दांड्याच्या टोकावर आट्यांनी बसते. ते आटे पाडायला ताईने दांडा लोखंडाचं काम करणाऱ्या खरादीकडे दिला. त्याने आयुष्यभर पाडले तसेच सरळ आटे पाडून दिले, आणि तिनेही न बघता घेतले. लेथ उभा राहिला. ताईने आईला हाताला धरून आणलं. आईने रुळांवरून हात फिरवला, उभी राहण्याची जागा पायाने चाचपली, आणि एक ठोकळा चकतीवर लावून पटाशी घेतली. मोटर सुरू झाली. पटाशी लाकडाला टेकली मात्र, आणि चकती लाकडासकट सुटली, माझ्या कानाजवळून गेली, आणि मोरीतलं पाण्याचं पिंप फोडून थांबली. घरभर पाणी झालं.

ताई पाण्यात तशीच बसली. आपल्याच कपाळावर हात मारून म्हणाली, की सायकलच्या डाव्या पायडलला उलटे आटे असतात हे शेंबडं पोरही सांगेल, आणि मी मोटरवाली असून विसरले. फिरणं उलटं, तर आटेही उलटे हवेत, नाहीतर पटाशी टेकली की चकती घट्ट व्हायच्या ऐवजी सुटणारच. मला वाटलं आता ही लेथ तोडून टाकेल. पण आई हसत होती. पदराने तोंड दाबून, खांदे हलवत हसत होती. कारखाना सुटल्यापासून ती हसली नव्हती. ताईने तो दांडा काढला, चकती उचलली आणि त्याच दिवशी खरादीच्या डोक्यावर जाऊन बसली, उलटे आटे पाडून घेईपर्यंत.

त्यानंतर लेथ चालला. आई रोज उभी राहायला लागली. पण ताईचा बेत काही आईने चालू दिला नाही. काम सुरू करायच्या आधी ती पुढचं दार लावून घ्यायची. ताई दुकानातून येऊन उघडायची, आई पुन्हा लावायची. मामाला दिसू दे, असं ताई म्हणाली, तर आई म्हणाली, भुसा उडतो रस्त्यावर. ताई चरफडत राहिली. तिला लेथ नुसता चालायला नको होता, तिला तो मामाच्या डोळ्यांत खुपायला हवा होता.

आणि मग संधी चालून आली. माझ्या काउंटरवर वाचनालयाचे व्यवस्थापक दम्याची औषधं घ्यायला येतात. त्यांनी सांगितलं की वाचनालयाला आणखी एक मजला चढतोय, आणि त्याच्या जिन्याला तसेच कडीचे खांब करायचं काम मामाने छाती ठोकून घेतलंय. मी घरी सांगितलं. ताई हसली. ते यंत्र नमुन्याच्या बाहेरून फिरतं, कडीच्या आत शिरून कोरणं त्याच्या बापाला जमणार नाही. मामाने मग कडी कापून, खांबात घालून, डिंकाने चिकटवून नमुना नेला. व्यवस्थापकांनी ती नुसती फिरवली, तर दोन तुकडे होऊन त्यांच्या हातात आली. त्यांनी मामाला आणखी एक संधी दिली. खरा नमुना आणा, नाहीतर काम दुसरीकडे जाईल.

ताईने त्या संध्याकाळी आईसमोर बैठक मारली. मी इतक्या हळू आवाजात तिला बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"आता तो येणार. नाक घासत येणार. तू त्याला नाही म्हणायचंस. आयुष्यात एकदाच. मला दुसरं काही नको."

आई म्हणाली, "बघू."

हे 'बघू' आम्हाला चांगलं माहीत होतं. आजवर मामाने जे जे मागितलं ते आईने 'बघू' म्हणूनच दिलं होतं. ताई रात्रभर तळमळली असणार, कारण सकाळी तिचे डोळे लाल होते. हा लेथ तिने हाडं झिजवून बांधला, आणि आता त्याच लेथवर आई मामाची अब्रू वाचवणार, ही भीती तिच्या तोंडावर लिहिलेली होती. मला तिची दया आली, आणि मामाचा असा राग आला की मी दुकानात एका बाईला खोकल्याच्या ऐवजी पोटाचं औषध दिलं.

मामा रविवारी आला. हातात फळांची पिशवी, काखेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी. त्या खरादीने त्याला लेथचं सगळं सांगितलं होतं. बराच वेळ तो ताकाला जाऊन भांडं लपवत बसला. आईचे डोळे कसे आहेत, माझा पगार वाढला का, ऊन किती वाढलंय. लेथभोवती एक फेरी मारून ताईला म्हणाला की डोकं आहे तुला, माझ्याकडे ये, यंत्राची देखभाल बघ. ताईने ओठ घट्ट मिटून घेतले. शेवटी त्याने कापड सोडलं. आत चौकोनी कापलेलं लाकूड होतं, गडद, तेलकट, एकही गाठ नसलेलं. आजोबांच्या साठ्यातलं.

"हे संपलं होतं ना?" आईने विचारलं.

"हा शेवटचा," मामा म्हणाला. "जपून ठेवला होता. अक्का, एकच खांब कर. लोकांत माझी छी थू होईल. तू नाही म्हणणार नाहीस, मला माहीत आहे."

आईने लाकूड हातात घेतलं. नाकाजवळ नेऊन वास घेतला. मग म्हणाली, दे, बघू. आणि ताईने तोंड फिरवलं.

आईने दोन्ही टोकांचे मध्य काढले, लाकूड लेथवर चढवलं, आणि मला म्हणाली, ते दार उघड. मी उघडलं. मोटर सुरू झाली. चौकोनाचा गोल झाला, लांबलचक ढलप्या तिच्या मनगटावरून वाहायला लागल्या. मग मणी उठले, खोलगट वळणं पडली, गळा बारीक झाला. तिचे हात त्या दिवशी एकदाही अडखळले नाहीत. रस्त्यावरची दोन माणसं दारात थांबली. शेवटी तिने आकड्याची पटाशी घेतली, एकीकडून कोरलं, दुसरीकडून कोरलं, आणि कडी टक करून सुटली. मोटर थांबली. वाचनालयाचे जुने खांब याच्यापुढे पाणी भरतील असा खांब होता. मामाचे डोळे भरून आले होते. तो हात पुढे करून उठला.

ताई दाराकडे निघाली होती. तिला ते देणं घेणं बघायचं नव्हतं.

"थांब," आई म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही, म्हणून ताई आणि मामा दोघंही थांबले. "अजून झालं नाही."

मोटर पुन्हा सुरू झाली. आईने सपाट पटाशी घेतली आणि वरचा मणी काढून टाकला. मामाला वाटलं, काहीतरी सुधारतेय. तिने दुसरा मणी काढला. मग वळण. मग खालचा गोलवा. मामा म्हणाला, अक्का, ते बरोबर होतं. तिने मान वर केली नाही. खांब मनगटाएवढा झाला, मग काठीएवढा. मामा मोठ्याने हाका मारायला लागला, अक्का, अगं अक्का, पण लेथच्या जवळ जायची त्याची छाती झाली नाही. खांब पेन्सिलएवढा झाला, थरथरायला लागला, आणि तुटला. आईने मोटर बंद केली.

मग तिने झाडू घेतला. सगळ्या ढलप्या, भुसा, तुकडे आणि कडी, जे होतं ते एका जागी केलं, मामाच्याच कापडात भरलं, चारी टोकं बांधून गाठोडं केलं आणि त्याच्या हातात दिलं.

"मी बोलत नव्हते, म्हणजे मला काही वाटत नाही असं धरून चाललास तू," ती म्हणाली. आवाज जरासुद्धा चढलेला नव्हता. "तुझं लाकूड. सगळं आहे त्यात. मोजून घे."

मामा दारातल्या माणसांमधून वाट काढत गेला. गाठोडं त्याने छातीशी धरलं होतं, कारण फेकावं कुठे हे त्याला सुचत नसावं. मला आनंद झाला. पोटभर झाला, खोटं कशाला बोलू. ताईकडे बघितलं तर ती भिंतीला टेकून रडत होती. मामासाठी तिने साठवून ठेवलेली सगळी वाक्यं तिच्या तोंडातच राहिली होती, आणि आता ती वाक्यं कुणाला नको होती.

आईने कोपऱ्यातला एक साधा, स्वस्तातला ठोकळा उचलला आणि त्याचे मध्य काढायला लागली. मामाची गाडी अजून समोर उभी होती, ती सुरू होत नव्हती. आईने ठोकळा लेथवर चढवला, ताईला डोळे पुसून मोटर चालू करायला सांगितलं, आणि वाचनालयाचे व्यवस्थापक रविवारी घरी भेटतात का, ते मला विचारलं.